फ्लॅगचा सातबारा

ज्या गोष्टीच्या नावात ‘टेम्प’ असतं ती सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांत जास्त टिकते, आणि जिच्या नावात ‘फायनल’ असतं ती आठवड्याच्या आत बदलते. हा नियम कुठल्या अभ्यासक्रमात शिकवत नाहीत, पण कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावर तो वर्षानुवर्षं बिनचूक लागू आहे. खाली झेरॉक्सचं दुकान, मधे इंग्रजीचा क्लास, वर आम्ही. साखर कारखान्यांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही करतो: उसाची नोंद, तोडणीची क्रमपाळी, वजनकाटा, तोडणी-ओढणीचा हिशोब आणि सगळ्यात शेवटी, ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते शेतकऱ्याचं बिल. आणि या सगळ्याच्या पोटात फीचर फ्लॅग आहेत. एखाद्या जुन्या वाड्यात फिरताना दाराआड आणखी एक दार सापडत जावं तसे ते सापडत जातात.

फीचर फ्लॅगमध्ये तसं अवघड काही नाही. प्रोग्रॅममध्ये नवी सोय लिहून ठेवायची आणि तिच्या तोंडाशी एक अट बसवायची, की अमुक बटण चालू असेल तरच पुढं जा. बटण प्रोग्रॅमच्या बाहेर, सेटिंगच्या पडद्यावर. मग सोय आज पाठवून उद्या चालू करता येते, एका कारखान्याला देऊन दुसऱ्याची थांबवता येते, आणि रात्री अकराला काट्यावर ट्रॅक्टरांची रांग लागलेली असताना काही बिघडलं तर नवा प्रोग्रॅम न चढवता नुसतं बटण बंद करून झोपता येतं. या शोधाचे फायदे सांगताना तज्ज्ञ लोक बरंच काही सांगतात. माझ्या मते झोप हा त्यातला पहिला.

आमच्या धंद्यात तर बटणाशिवाय गत्यंतरच नाही, कारण इथं नियम हंगामागणिक बदलतात. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस कारखान्यावर गेल्यापासून चौदा दिवसांत शेतकऱ्याला एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, मिळायला हवी. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारनं ठरवलं की ती दोन हप्त्यांत दिली तरी चालेल. पहिला हप्ता आधी, उरलेली रक्कम हंगाम संपून त्या वर्षाचा साखर उतारा निश्चित झाल्यावर. शेतकरी संघटना खवळल्या, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. मधल्या काळात कुठलं संचालक मंडळ एकरकमी देणार आणि कुठलं हप्त्यानं, हे मंडळालाच सभेच्या आदल्या रात्री कळायचं. तेव्हा आमच्यातल्या एका शहाण्यानं ‘एफआरपी_दोन_हप्ते’ असा फ्लॅग केला. कारखान्याचा फोन आला की बटण इकडं, पुन्हा फोन आला की तिकडं. सरकार, न्यायालय, संघटना आणि संचालक मंडळ या चौघांना एकाच वेळी खूश ठेवणारी एवढी छोटी वस्तू महाराष्ट्रात दुसरी नसेल.

अडचण अशी, की बटण बसवायला पाच मिनिटं लागतात आणि काढायला धाडस लागतं. काढायचं म्हणजे आत जाऊन ती अट शोधायची, तिच्या दोन वाटांपैकी एक कायमची बुजवायची, आणि बुजवलेल्या वाटेनं अजून कुणी येत-जात नव्हतं याची खात्री करायची. ही खात्री कोण देणार? ज्यानं फ्लॅग केला तो. तो कुठं आहे? पुण्यात. मग राहू दे. खात नाही, पीत नाही, आपल्याला काय त्रास आहे, असं म्हणून बटण तसंच ठेवलं जातं. असे करता करता आमच्या पडद्यावर बटणांचं गाव वसलं. त्यात ‘न्यू_बिल’ होतं, ‘न्यू_बिल_दोन’ होतं, ‘न्यू_बिल_खरं’ होतं, आणि एक नुसतंच ‘साहेब_म्हणाले’ होतं.

काही खात-पीत नाही हे मात्र खरं नव्हे. नाइट कॅपिटल नावाची अमेरिकेतली शेअरदलाली करणारी मोठी कंपनी. तिच्या प्रोग्रॅममध्ये ‘पॉवर पेग’ नावाची एक जुनी करामत होती. तिचा वापर २००३ मध्ये थांबला, पण ती लिहिलेली तशीच आत पडून राहिली. २०१२ साली न्यूयॉर्क शेअर बाजाराच्या एका नव्या योजनेसाठी कंपनीनं नवा प्रोग्रॅम लिहिला, आणि नवं बटण कशाला करा म्हणून ‘पॉवर पेग’चं जुनं बटण त्याच्यासाठी वापरलं. नवा प्रोग्रॅम आठ सर्व्हरवर चढवायचा होता. सातांवर चढला, आठव्यावर राहिला. १ ऑगस्ट २०१२ ला सकाळी बाजार उघडला, बटण चालू झालं. सात सर्व्हरना वाटलं नवी योजना सुरू करा; आठव्याला वाटलं, नऊ वर्षांनी का होईना, ‘पॉवर पेग’ची आठवण झाली. त्यानं शेअर घ्यायला आणि विकायला जी सुरुवात केली ती थांबेचना. बाजार उघडण्याआधीच यंत्रणेनं ‘पॉवर पेग बंद आहे’ असं नाव घेऊन ९७ ईमेल धाडले होते. ते कुणी गंभीरपणे वाचले नाहीत, कारण ते नाव आता कुणाच्या ओळखीचंच राहिलं नव्हतं. गोंधळ आवरायला म्हणून लोकांनी चांगल्या चालणाऱ्या सात सर्व्हरवरून नवा प्रोग्रॅम काढला, तेव्हा तेही आठव्यासारखेच वागू लागले. पाऊण तासात १५४ कंपन्यांच्या शेअरचे चाळीस लाखांवर सौदे झाले आणि कंपनीचं ४६ कोटी डॉलरपेक्षा जास्त नुकसान झालं. त्या वेळच्या भावानं अडीच हजार कोटी रुपयांच्या घरात. पुढच्या वर्षी ती कंपनी दुसरीत विलीन झाली.

ही गोष्ट मी आमच्या काकांना सांगितली. काका म्हणजे आमच्या ऑफिसातलं सर्वांत मोठं वय. एका कारखान्याच्या शेती विभागात चिटबॉयपासून सुरुवात करून गट ऑफिस, मग हिशोब, असं सगळं पायाखाली घालून निवृत्त झाले आणि आता आम्हाला ऊस शिकवायला येतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजे वारस नोंद न करता जमीन इकली म्हणा की.”

मला तेव्हा ते नुसतं विनोदी वाटलं. पण त्याच आठवड्यात आम्ही फ्लॅगांची आवराआवर करायला बसलो, आणि काकांचं वाक्य खोलीत येऊन बसलं ते हललंच नाही.

आवरायचा पहिला उपाय सगळेच करतात तो: टॅग, म्हणजे चिठ्ठ्या. प्रत्येक फ्लॅगला हवे तेवढे शब्द चिकटवायचे. दोन दिवस मोठी धमाल आली. नंतर कळलं की ‘बिल’, ‘बिलिंग’, ‘बीलिंग’ आणि ‘बिल्स’ अशा चार चिठ्ठ्या तयार झाल्यात आणि चारही जणांना आपलीच बरोबर वाटते. हे एकवेळ निस्तरता येतं. खरी गाठ पडली ती ‘शिरोळ’ या चिठ्ठीशी. अकरा-बारा फ्लॅगांवर ‘शिरोळ’ लिहिलेलं. आता शिरोळ म्हणजे काय? तिथल्या कारखान्याला दिलेली सोय? का तिथं पहिल्यांदा सापडलेली चूक? का शिरोळ तालुक्यात पूर आल्यावर करायची व्यवस्था? एका फ्लॅगच्या बाबतीत असं निघालं की तो ज्यानं केला त्याचं गाव शिरोळ होतं आणि त्याला वाटलं, ओळख राहील.

चिठ्ठी सांगते ‘शिरोळ’. ती कशाच्या उत्तरात शिरोळ आहे ते सांगत नाही. प्रश्न हरवलेलं उत्तर, एवढंच तिचं स्वरूप. म्हणून मग पुढची पायरी येते, जिला आमच्या धंद्यात कस्टम फील्ड म्हणतात आणि आम्ही साध्या मराठीत रकाना म्हणतो. आधी प्रश्न ठरवायचा, त्याला नाव द्यायचं, मग प्रत्येक फ्लॅगपुढं त्याचं उत्तर लिहायचं. ग्राहक: शिरोळ. किंवा, कारण: शिरोळचा पूर. शब्द तोच, पण आता त्याला बसायला पाट मिळालेला असतो.

ही युक्ती संगणकवाल्यांनी शोधली असा माझा समज होता. तसं नाही. ग्रंथालयशास्त्राचे आपल्याकडचे पितामह एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये कोलन वर्गीकरण प्रसिद्ध केलं, त्याच्या मुळाशी हीच कल्पना आहे. कपाटात पुस्तक एकाच जागी बसतं, पण विषय काही एकाच जागी बसत नाही. कोल्हापुरी गुळाच्या व्यापाराच्या इतिहासावर कुणी पुस्तक लिहिलं तर ते शेतीत ठेवायचं, व्यापारात, इतिहासात की कोल्हापुरात? रंगनाथन म्हणाले, जागा ठरवण्याआधी प्रश्न ठरवा. मूळ गोष्ट कोणती, कशाची बनलेली, तिच्यावर क्रिया कोणती, कुठं, आणि केव्हा. असे पाच पैलू. पाचवा पैलू काळ. हे लक्षात ठेवा, कारण आमच्याही रकान्यांत काळच शेवटी आला, आणि सगळ्यात जास्त पोकळ तोच निघाला.

रकाने किती असावेत यावर बैठक झाली. सॉफ्टवेअरच्या बैठकीत माणसांना रकाने सुचू लागले की त्यांना थांबवणं अवघड असतं. मालक, टीम, प्रकार, ग्राहक, कामाचा क्रमांक, मंजुरी कुणाची, मंजुरीची तारीख, धोका किती, धोका कुणाला, मॉड्यूल, उपमॉड्यूल. एका उत्साही पोरानं ‘रंग’ सुचवला. का विचारल्यावर म्हणाला, “दिसायला बरं दिसेल की.” तेव्हा काकांनी टेबलावरचं पेन उचललं आणि म्हणाले, “एवढं भरायचं झालं तर माणूस पयल्या तीन रकान्यांत खरं लिहील, पुढं सगळीकडं ‘निरंक’.” कारखान्याच्या कचेऱ्यांत आयुष्य घालवलेल्या माणसाला रकान्याचं मानसशास्त्र जेवढं कळतं तेवढं कुठल्याही अमेरिकन कंपनीच्या पुस्तिकेत नसतं. शेवटी सहा ठरले: मालक, प्रकार, ग्राहक, कामाचा क्रमांक, कारण, काढायची तारीख.

आणि इथं मला काकांच्या त्या वाक्याचा अर्थ लागायला सुरुवात झाली, कारण हे सहा रकाने मी आधी कुठंतरी पाहिले होते. कुठं म्हणजे, घरच्या सातबाऱ्यावर.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा जोड. जमीन बापडी जागच्या जागी असते. तिला स्वतःला आपण कुणाच्या, कशामुळं आणि कुठवर याचा पत्ता नसतो. ते सगळं कागदावर. तिथं भोगवटादार म्हणजे आमचा मालक. प्रत्येक नोंदीशेजारी फेरफार क्रमांक, म्हणजे आमचा कामाचा क्रमांक: हा बदल का झाला हे पाहायचं असेल तर गाव नमुना सहा उघडा, तिथं खरेदी, वाटणी, वारस, काय ते लिहिलेलं आहे. फ्लॅगवर नुसतं ‘चालू’ दिसतं, पण कामाचा क्रमांक असला की त्याच्या मागं जाऊन त्या दिवशी कारखान्याचा अकाउंटंट फोनवर काय बोलला होता तिथवर पोचता येतं. हा एक रकाना सोडून बाकीचे पाच जळाले तरी माणूस निभावून नेईल, असं माझं मत आहे.

भोगवटादाराचा वर्ग मात्र मोकळ्या हातानं लिहायची सोय नाही. वर्ग एक किंवा वर्ग दोन. तिसरं काही मनात आलं तरी लिहिता येत नाही. आमच्या ‘प्रकार’ या रकान्याला आम्ही हीच शिस्त लावली. पीट हॉजसन नावाच्या प्रोग्रॅमरनं मार्टिन फाउलर यांच्या संकेतस्थळावर फ्लॅगांचे चार वर्ग मांडले, ते जगभर चालतात. नवी सोय हळूहळू उघडण्यासाठीचा, दोन पर्यायांत कोणता बरा हे अजमावण्यासाठीचा, अडचणीच्या वेळी काहीतरी पटकन बंद करण्यासाठीचा, आणि कुणाला काय वापरायची परवानगी आहे ते ठरवणारा. पहिले दोन पाहुणे; काम झालं की त्यांनी जावं. नंतरचे दोन घरचे. वर्ग निवडीच्या यादीतून निवडायचा, टंकायचा नाही, म्हणजे ‘बीलिंग’चा प्रश्न उरत नाही. या चारांतला एक शब्द निवडला तरी फ्लॅग किती दिवस जगावा याचं अर्धं उत्तर मिळतं.

पण सातबाऱ्यावर दुसराही एक रकाना असतो: इतर हक्क. हा रकाना म्हणजे मराठी माणसाच्या संसाराचं प्रतिबिंब आहे. सोसायटीचा बोजा त्यात, बँकेचा त्यात, कुळ त्यात, विहिरीतला हिस्सा त्यात, न्यायालयाचा मनाई हुकूम त्यात. ज्याला कुठं जागा नाही त्यानं तिथं बसावं. कर्ज फिटलेलं असतं, पण बोजा उतरवायला कुणी गेलेलं नसतं. मग नातू जमीन तारण ठेवायला जातो तेव्हा आजोबांच्या इंजिनाचं कर्ज त्याला आडवं येतं. आमच्याकडं ‘कारण’ हा रकाना मोकळा ठेवला होता, की माणसानं मनातलं लिहावं. लोकांनी लिहिलं: ‘तात्पुरतं’. ‘सांगितल्याप्रमाणे’. ‘बघू नंतर’. एकानं ‘वरून आदेश’ लिहिलं होतं, आणि आमच्या वर फक्त पाण्याची टाकी आहे.

मालकाच्या रकान्यानं मात्र सगळ्यांत जास्त करमणूक केली. आमच्यासारख्या कोल्हापुरातल्या कंपनीत पोरं येतात, शिकतात, तयार होतात आणि एके दिवशी पेढे घेऊन येतात. पेढे दिसले की आम्हाला कळतं, हिंजवडी. त्यामुळं मालकांची यादी काढली तर निम्मे मालक पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या पलीकडच्या टोकाला. राहिलेल्या निम्म्यांनी एकमेकांची नावं घातलेली. सातबाऱ्यावरही हेच दुखणं आहे. मयत खातेदारांची नावं वर्षानुवर्षं तशीच, वारसांची नोंद नाही. २०२५ मध्ये राज्य सरकारला त्यासाठी ‘जिवंत सातबारा’ अशी खास मोहीमच काढावी लागली. आम्हीही मोहीम काढली. प्रत्येक निघून गेलेल्या मालकाच्या फ्लॅगांना वारस शोधायचा. कुणी पुढं येईना. जमिनीच्या वारसाहक्कासाठी सख्खे भाऊ कोर्टात जातात. फ्लॅगच्या वारसाहक्कासाठी सख्खे मित्र चहाला निघून जातात.

काकांनी तोडगा काढला. “एकाचं नाव घालू नगा. ए. कु. मॅ. घाला.” तरुण पोरांना काही कळेना. जुन्या सातबाऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढं ए. कु. मॅ. लिहिलेलं असतं: एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन सगळ्यांची, कागदावर तोंड एकाचं. तेव्हा मालकाच्या रकान्यात माणसाचं नाव न लिहिता ‘बिल टीम’, ‘काटा टीम’ असं लिहायचं आणि टीमचा जो प्रमुख असेल तो आपोआप जबाबदार. मी म्हटलं, “पण काका, त्या ए. कु. मॅ.वरूनच धाकट्या भावांची नावं राहिली आणि पुढं भांडणं झाली.” काका म्हणाले, “झाली की. पन ज्येच्यावर कुनाचंच नाव न्हाई त्या जमिनीचं काय हुतं म्हाईत हाय नव्हं? सरकारजमा.” हा युक्तिवाद चोख होता. आता आमच्याकडं ज्याच्यावर टीमचं नाव नाही असा फ्लॅग यंत्र जतनच करू देत नाही.

राहिली काढायची तारीख. इथं पहिल्या फेरीत सगळ्यांनी एकमुखानं ३१ मार्च लिहिलं. आर्थिक वर्षाचा शेवट म्हणून मराठी माणसाला ही तारीख आपलीशी वाटते. शिवाय ती आली की नेहमी पुढची ३१ मार्च उपलब्ध असते.

या बाबतीत मला गुगलच्या क्रोम ब्राउझरवाल्यांचं फार कौतुक आहे. त्यांच्या प्रोग्रॅमचा गाभा, क्रोमियम, सगळ्यांना पाहायला खुला आहे. त्यात प्रायोगिक फ्लॅगांची एक वेगळी नोंदवहीच आहे. प्रत्येक फ्लॅगपुढं नाव, मालक आणि कुठल्या आवृत्तीला हा संपणार ते लिहिलेलं. मालकाच्या जागी एका माणसाऐवजी गटाचाही पत्ता चालतो, म्हणजे त्यांच्याकडंही ए. कु. मॅ. आहे. ठरलेली आवृत्ती आली की तो फ्लॅग पडद्यावरून दिसेनासा होतो. फ्लॅग कायमचा ठेवायचा असेल तर तारखेच्या जागी उणे एक लिहायचं, आणि शिवाय अमर फ्लॅगांच्या एका निराळ्या यादीत त्याचं नाव घालायचं. अमरत्व मिळतं, पण अर्ज करावा लागतो. आणि माणसाचा स्वभाव जगभर सारखाच याचा पुरावा म्हणून त्याच क्रोममध्ये आणखी एक प्रकारचा फ्लॅग आहे: मुदत संपलेले फ्लॅग तात्पुरते पुन्हा जिवंत करणारा फ्लॅग. हे वाचलं त्या दिवशी मला आमच्या ऑफिसबद्दल बराच धीर आला.

तारखेच्या रकान्यानं आमची सगळ्यांत अवघड परीक्षा घेतली ती ‘बुडीत_ऊस_आधी’ या फ्लॅगपाशी. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्याजवळची ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांच्या वर मजल मारली. महामार्ग बंद, अर्धा जिल्हा पाण्यात. पाणी उतरल्यावर उसाचे शेंडे कुजलेले, कांड्यांना कोंब फुटलेले. असा ऊस शेतात जितका राहील तितका वाया. तेव्हा बुडालेला ऊस क्रमपाळी मोडून आधी तोडायचा, अशी सोय घाईनं लिहिली आणि तिला बटण लावलं. प्रकार लिहिला ‘नवी सोय’, मुदत त्या हंगामापुरती. २०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा ५५ फुटांच्या वर गेलं आणि काढायचा राहून गेलेला तोच फ्लॅग पुन्हा कामाला आला. त्या वेळी आमच्या आळसाला दूरदृष्टी म्हणून घ्यायची आयती संधी मिळाली, ती आम्ही घेतली.

आता आवराआवरीत त्याची तारीख काय घालायची? ‘पुढचा पूर’ असं तारखेच्या रकान्यात बसत नाही. एकजण म्हणाला काढून टाकू, लागला तर परत लिहू. त्याचं घर उंचावर, टेंबलाईच्या बाजूला. ज्यांची घरं शाहूपुरीत आणि दुधाळीत, ते काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. शेवटी प्रकार बदलून ‘अडचणीच्या वेळचा’ केला आणि कारणात नीट लिहिलं: पुरानंतर बुडीत क्षेत्राची यादी गट ऑफिसकडून आल्यावर चालू करणे, यादी संपल्यावर बंद करणे, दर जूनमध्ये एकदा चालू करून तपासणे. हे वाक्य लिहायला आम्हाला एक सबंध दुपार लागली. फ्लॅग लिहायला लागली होती त्याहून जास्त.

‘एफआरपी_दोन_हप्ते’चं काय झालं असं कुणी विचारेल. न्यायालयानं निर्णय रद्द केल्यावर तो सरळ काढण्यासारखाच होता. पण काकांचं म्हणणं पडलं की साखरेच्या धंद्यात कुठलाही निर्णय मेला असं समजू नये, फार तर झोपला म्हणावं. तो बंद करून ठेवलाय. कारणात न्यायालयाच्या निकालाचा महिना आहे, मालक बिल टीम आहे, आणि तारीख? ३१ मार्च. पुढची.

मग नवी पोरगी आली. इथल्याच विद्यापीठात शिकलेली, कागलची, कामाला वाघ. तिनं पहिल्याच आठवड्यात रकान्यांचा खरा उपयोग करून दाखवला, जो आम्ही आवरण्याच्या नादात विसरूनच गेलो होतो. चाळणी लावली: प्रकार ‘नवी सोय’, तारीख उलटून गेलेली, सहा महिन्यांत एकदाही न बदललेला. यादी आली. ती एकेक फ्लॅग घेऊन ज्या त्या टीमच्या प्रमुखापुढं उभी राहायची आणि विचारायची, “सर, हा काढू?” प्रमुख म्हणायचा, “राहू दे की.” ती म्हणायची, “मग कारणात काय लिहू?” हा प्रश्न फार जीवघेणा आहे. ‘राहू दे’ म्हणणं सोपं, पण का राहू दे हे आपल्या नावासमोर लिहून द्यायचं म्हटलं की चांगल्या चांगल्यांची मूठ सुटते. बरेच फ्लॅग असे नुसत्या त्या प्रश्नानं गेले. ‘न्यू_बिल’ची तिन्ही भावंडं एका दिवसात गेली. काही मोडलं नाही, कुणाचा फोन आला नाही. काका म्हणाले, “ग्येली व्हय? शांती लाभो.”

एक मात्र तिच्या हातून सुटेना. नाव होतं ‘फिक्स_तीन_जुना’. एकाच कारखान्याला चालू, बाकी सगळ्यांना बंद. कारण रिकामं, कामाचा क्रमांक रिकामा, मूळ मालक हिंजवडीत. आम्ही म्हटलं, सोड. तिनं सोडलं नाही. नंबर मिळवला आणि संध्याकाळी सातला त्याला गाठला. तो वाहतुकीत अडकलेला होता, म्हणजे त्याला बोलायला भरपूर वेळ होता.

“दादा, ‘फिक्स तीन जुना’ काय आहे ओ?”

पलीकडून आधी हॉर्न ऐकू आले, मग हसणं. “ते अजून हाय व्हय? अगं, ते त्या कारखान्याच्या बिलावर खाली चेअरमनचं नाव येतंय बघ, ते मोठ्या अक्षरात छापायचं बटण हाय. इलेक्शनच्या साली सांगितलेलं. म्हणाले, इलेक्शन झाली की काढा.”

“मग काढू?”

“चेअरमन कोण हाय आता?”

तिनं कारखान्याचं ताजं बिल उघडून पाहिलं. नाव तेच होतं, मोठ्या अक्षरात.

“तेच हाईत,” ती म्हणाली.

“मग कशाला विचारतीस?” म्हणून त्यानं फोन ठेवला.

तिनं प्रकार ‘परवानगी’ निवडला. कारणात सगळी हकीकत दोन ओळींत लिहिली, मालकाच्या जागी बिल टीम टाकली. काढायच्या तारखेपाशी ती जरा थांबली, काकांकडं पाहिलं. काकांनी चष्मा वर केला, पडदा वाचला आणि म्हणाले, “कारखाना सहकारी हाय नव्हं? मग उणे एक घाल.”